शेऱ्याचा रकाना

१ जुलै

मूल हुशार आहे हे नक्की कशावरून ठरवायचं? बी.एस्सी. झाले, तरी या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. कबूल करते. सहा महिन्यांत येईल.

आज आमच्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले. सरकारी योजना, मुदत सहा महिने. निघताना आईने हातावर दही-साखर ठेवली आणि शेजारच्या मालनबाईंना हाक मारून सांगितलं की पोरगी मॅडम झाली. घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे अशा गोष्टी सहन कराव्या लागतात.

शाळा पहिली ते चौथी. खोल्या दोन, शिक्षक दोन. मुख्याध्यापक कापगते सर आणि ललिता मॅडम. मला बाराखडी ललिता मॅडमनीच शिकवली. मधे त्या चार गावं फिरून पुन्हा इथे आल्या. पद्धत तीच. जुन्या बिस्किटाच्या डब्यात चिंचोके, आणि ते मांडून जमिनीवर अक्षरं काढायची. आश्चर्य वाटलं. जग कुठे चाललंय.

कपाटात मागच्या वर्षीची प्रगती कार्डं सापडली. शेवटी 'शेरा' असा रकाना असतो. सगळ्या कार्डांवर एकच शेरा: बरा आहे. बरी आहे. बरा आहे. माझ्या दुसरीच्या कार्डावरही हेच होतं, आईच्या पेटीत ते अजून आहे. मी वर्गात पहिली आले होते. बरी!

मॅडमना विचारलं, सगळ्यांना एकच शेरा का? त्या हसल्या. म्हणाल्या, "तसं लिवलं का मायबाप काई विचाराले येत नाई."

नोंद: पालकांशी संवादाचा पूर्ण अभाव.

सरांनी परिस्थिती सांगितली. पट बावीस आहे. तीस सप्टेंबरला पट मोजतात. तो विसाच्या खाली गेला तर शिक्षकाची दुसरी जागा जाईल, म्हणजे ललिता मॅडम जातील. बहुतेक तुमसरकडे, आंबागडच्या बाजूला. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत. मग चारही वर्ग एकटे सर. मी सरांना सांगितलं, काळजी करू नका, निकाल चांगला असला की पट आपोआप वाढतो. सरांनी हजेरीपट उघडून पुन्हा नावं मोजली. पटलं असावं.

संकल्प: ३० सप्टेंबरपर्यंत शंभर टक्के मुलं वाचणारी. प्रत्येक मुलाला स्वतःचा, खरा शेरा.

२ जुलै

एक्सेलमध्ये शाळेचा सामाजिक तक्ता केला. मुली १२, मुलगे १०. इतर मागास १२, अनुसूचित जाती ५, अनुसूचित जमाती ४, भटक्या जमाती १.

भटक्या जमाती म्हणजे तिसरीतली शालू. तिचे वडील इश्वर तलावात मासे धरतात. घर पिढ्यान्‌पिढ्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर आहे, कुठे भटकत नाहीत, पण रकाना तोच. चार रंगांचा गोल चार्ट आला. शालूच्या वाट्याला जांभळी फट.

बावीसमध्ये एक मूल म्हणजे साडेचार टक्के. ही गोष्ट या शाळेत आजवर कोणी मोजली नव्हती.

९ जुलै

वाचनाची पहिली चाचणी घेतली. गावात रोवणी चालू. आया धान रोवायला जातात, मोठी मुलं धाकट्यांना घेऊन बांधावर बसतात. बावीसपैकी सात हजर. त्यांतल्या चौघांना वाचता आलं. गैरहजर पंधरा जणांपुढे शून्य लिहिलं. आकडेवारीत भावनेला जागा नसते.

वाचन: १८ टक्के. भटक्या जमाती: शून्य टक्के.

फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. (नंतर वहिनीने दोन वेळा वाढलं म्हणून गेलं.)

१० जुलै

सकाळी रीनाला व्हॅनपर्यंत सोडलं. रीना म्हणजे भूपेंद्रदादाची मुलगी, दुसरीला आहे. तिकडे सेकंड म्हणतात. साकोलीच्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन पावणेआठला पिंपळाखाली येते. टाय छान बांधते मी. तिचा प्रवेशाचा फॉर्म इंग्रजीत होता, घरात दुसऱ्या कोणाला भरता आला नसता, तोही मीच भरला होता.

हे इथे कशाला लिहिलं कळत नाही. शाळेशी याचा संबंध नाही.

५ ऑगस्ट

महिनाभर लिहायला झालं नाही. चार्ट भिंतीवर लावले, वाचनकोपऱ्याची पाटी रंगवली, दोन वेळा पाटी पडली.

आज वाचनाची दुसरी चाचणी. रोवणी संपली, बावीसच्या बावीस हजर. पंधरा जणांना वाचता आलं! अडुसष्ट टक्के! चार आठवड्यांत पन्नास टक्क्यांची वाढ! शालू तर धडा असा वाचत गेली की मला थांबवावं लागलं. भटक्या जमाती शून्यावरून शंभर.

ललिता मॅडमना चार्ट दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "रोवणी सरली ना बाई. पोट्टे परत आले."

जुन्या पिढीला यश मान्य करणं जड जातं. मी मनावर घेतलं नाही. तासभर.

१२ ऑगस्ट

बावीस प्रगती कार्डं स्वतः तयार केली. कार्डशीट, स्केचपेन, प्रत्येकावर फोटो. शेऱ्याला तीन-तीन ओळी जागा ठेवली. शालू: "अत्यंत हुशार. उच्चार स्पष्ट. भवितव्य उज्ज्वल." चौथीतला कमलेश: "गणितात असामान्य. याच्याकडे लक्ष द्यावे." तिसरीतली रेणू: "वाचन उत्तम, आवाज थोडा वाढवावा." लिहिताना डोळे भरून आले. या मुलांबद्दल इतकं कोणी लिहिलंच नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, कार्डं सहामाहीला देऊ. मी म्हटलं, यश गरम असताना वाढायचं असतं.

१५ ऑगस्ट

माझ्या आयुष्यातला मोठा दिवस. झेंड्याला अर्धं गाव येतं. सरांचं भाषण झालं, मुलांना बुंदी मिळाली, मग मी माईक घेतला. चार्ट उंच धरला. पन्नास टक्के वाढ सांगितली. प्रवर्गनिहाय सांगितली. भटक्या जमातींत शंभर टक्के म्हटलं तेव्हा इश्वरभाऊ डोक्यावरचा दुपट्टा काढून उभेच राहिले. त्यांना वाटलं त्यांना बोलावलं. सगळे टाळ्या वाजवत होते. कार्ड हातात घेऊन त्यांनी मला तीनदा विचारलं, हे शालूचंच आहे ना? मी तीनदा हो म्हटलं.

कमलेशचे वडील तेजरामभाऊ पण कार्ड घडी न घालता धरून घरी गेले.

पालक जागे झाले आहेत.

१८ ऑगस्ट

शालू आली नाही. ताप असेल.

१९ ऑगस्ट

ताप नाही. सकाळी रीनाला सोडायला गेले तर पिंपळाखाली शालू उभी. गळ्यात टाय, उलटा. सुलटा करून दिला. सवयीने हात गेला.

दुपारी इश्वरभाऊंकडे गेले. जाळं विणत बसले होते. त्यांनी उठून खाट झटकली, पाणी दिलं. साकोलीच्या शाळेतल्या लोकांनी प्रवेशाला आधी नाही म्हटलं होतं, मग ह्यांनी माझं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. फोटो, रंग, तीन ओळी. लगेच घेतली म्हणाले. माझे आभार मानत होते.

मी म्हटलं, पण भाऊ, ती आपल्याच शाळेत शिकून हुशार झाली ना.

तर म्हणाले, "शंभर टक्केवाली पोरगी हाय ना वो मॅडम. मंग तिले अठी कायले ठेवू?"

उत्तर तयार होतं, पण ते लांबचं होतं. पाणी पिऊन परत आले.

एक्सेलमध्ये शालूची ओळ काढली. भटक्या जमातींच्या खान्यात आता लाल अक्षरं येतात, शून्याने भागता येत नाही म्हणून. जांभळी फट गेली.

पट २१. तरीही सुरक्षित.

२१ ऑगस्ट

कमलेश पण. त्याचंही कार्ड टेबलावर ठेवलं होतं म्हणे. 'याच्याकडे लक्ष द्यावे' या ओळीखाली तेजरामभाऊंनी पेनाने रेघ ओढली होती.

पट २०. बरोबर वीस. म्हणजे गणिती दृष्टीने आपण अजून नियमातच आहोत.

सर म्हणाले की आता कोणालाही काहीही सांगू नका. त्यांचा रोख माझ्याकडे नसावा.

२५ ऑगस्ट

पोळा झाला. नवी योजना: गृहभेटी. तुलनात्मक तक्ता केला. आपली शाळा आणि इंग्रजी शाळा, अकरा मुद्दे. अकरापैकी नऊ मुद्द्यांत आपण पुढे. (अंतर, मातृभाषा, मोकळी हवा वगैरे. मोकळी हवा दोनदा आली आहे, ती दुरुस्त करायची आहे.)

सात घरी गेले. सगळीकडे चहा मिळाला, सगळ्यांनी तक्ता पूर्ण ऐकून घेतला. मग सातही घरी एकच विचारलं, तुमच्या घरची रीना कोणत्या शाळेत जाते?

मी समजावून सांगितलं की तो दादाचा निर्णय आहे. फॉर्म भरला तेव्हा मी या शाळेत नव्हते. शिवाय एका उदाहरणावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. मालनबाई म्हणाल्या, पोरी, तुझा चहा थंडा होऊन रायला.

४ सप्टेंबर

विचार केला. चूक सापडली. लोक मुलांना नेतात कारण ती हुशार आहेत असं त्यांना कळतं. म्हणजे स्तुती कमी करायला हवी. ही माघार नाही. धोरणात बदल आहे.

उरलेल्या हुशार मुलांत पहिली रेणू. तिची आई शकुनबाई साकोलीला बाजाराच्या दिवशी जाते, त्यामुळे धोका जास्त. रेणूचं सुधारित कार्ड केलं. खोटं लिहिणार नाही, हे आधीच ठरवलं होतं. म्हणून निकष जरा बारीक केले. 'अनोळखी व्यक्तीसमोर आत्मविश्वासाने सादरीकरण' यात ती खरोखर कमी पडते. मी अनोळखी व्यक्ती म्हणून सरांना उभं केलं होतं, ती हसत सुटली.

शेरा, लाल पेनाने: "मागे आहे."

कार्ड देताना रेणूने ते वाचलं. तिला वाचता येतं, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. दप्तरात सर्वांत खाली ठेवलं.

असो. हे तिच्या भल्यासाठीच आहे. निदान शाळेच्या.

८ सप्टेंबर

रेणू वर्गात हात वर करत नाही. आवाजही कमी. आता शेरा खरा ठरतो आहे, असं म्हणता येईल. पण म्हणावंसं वाटत नाही.

१९ सप्टेंबर

शकुनबाई शाळेत आल्या. डोक्यावर भाजीची टोपली तशीच. कार्ड ओच्यात होतं. दारातूनच बोलल्या.

"चांगले होते ते गेले. माही मागं पडली म्हणता. मंग अठी राहून का करन ते?"

मी त्यांना निकष समजावून सांगायला लागले. त्यांनी ऐकलं, मग ललिता मॅडमकडे वळून टीसी मागितली. मॅडमनी लिहायला घेतली. टीसी लिहिताना त्यांनी रेणूला जवळ बोलावलं, तिच्या मुठीत पाच-सहा चिंचोके ठेवले आणि म्हणाल्या, "मागं कोणी नाई वो पोरी. रांगच लहान आहे."

पट १९.

२० सप्टेंबर

मॅडमनी आज कपाट आवरायला घेतलं. जुनी कार्डं एका गठ्ठ्यात, खडू एका पिशवीत, चिंचोक्यांचा डबा कागदात गुंडाळून. निवृत्तीजवळ असूनही स्वच्छतेची केवढी आवड.

सरांनी सांगितलं की आंबागडच्या बाजूची एक जागा रिकामी आहे. इथून दोन बस, पुढे पायी. मॅडमनी बसच्या वेळा मागितल्या. मी मोबाइलवर शोधून दिल्या. त्या थँक यू म्हणाल्या. कधी म्हणत नाहीत.

२३ सप्टेंबर

अंतिम योजना. गावातली सहा ते दहा वयाची, आपल्या शाळेत न येणारी सर्व मुलं शोधली. सात निघाली. यादी केली:

१. शालू
२. कमलेश
३. रेणू
४. सरपंचाचा नातू
५. किराणावाल्यांची मोठी
६. किराणावाल्यांची धाकटी
७.

सातवं नाव लिहायचं राहून गेलं.

एक मूल पाहिजे. फक्त एक. पाच टक्के.

२६ सप्टेंबर

सहाही मुलांची घरं झाली. इश्वरभाऊ म्हणाले की शालू तिकडे दिवसभर गप्प बसते, तिला काय चाललंय कळत नाही, पण मॅडम, तुम्हीच उज्ज्वल लिहिलंय, मग थोडं थांबून पाहतो. सरपंचांच्या घरी चहा नव्हता. किराणावाल्यांनी विचारलं, तुमच्या रीनाचं इंग्रजी कसं आहे?

मी म्हटलं, फार छान. कविता म्हणते.

ते म्हणाले, मग?

२८ सप्टेंबर, रविवार

घरी सहज म्हणून रीनाची चाचणी घेतली. चाचणी नाही, गंमत. तिने इंग्रजी कविता म्हटली, हातवाऱ्यांसह. मग माझ्या शाळेतलं पहिलीचं पुस्तक समोर ठेवलं. कमळाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, लोटस. चित्रावर हात ठेवला आणि खालचा शब्द वाच म्हटलं. तीन अक्षरं. काना नाही, मात्रा नाही. रीना माझ्या हाताकडे बघत राहिली. मग मराठी सोडून तिचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि तेच केलं. तिथेही हात उचलायची वाट बघत राहिली.

थकली असेल. रविवार आहे.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. वहिनी भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "रोज व्हॅनमंदी ओकते ते. मी कवाची म्हणून रायली, अठीच राहू द्या. पण घरात शिकलेल्या तुम्ही."

दोन वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही. म्हणजे सांगत होते, असं ती म्हणते.

२९ सप्टेंबर

सकाळी व्हॅन आली तेव्हा मी रीनाला घेऊन पिंपळाखाली उभी होते. तिने सवयीने नाकाला रुमाल लावला. शालू खिडकीत होती. रेणू तिच्या शेजारी. रेणूने माझ्याकडे पाहिलं नाही.

रीनाला आज व्हॅनमध्ये बसवलं. निर्णय घाईत घ्यायचे नसतात.

३० सप्टेंबर, दुपारी ४

सकाळी पावणेआठला व्हॅनवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि तो गेला. रीना सायकलवर माझ्या मागे होती. टाय लावूनच पाहिजे म्हणाली, लावून दिला. शाळेत सगळ्यांनी तो ओढून बघितला.

साडेदहाला दाखल रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहिलं. पालकाच्या सहीच्या जागी वहिनीची सही. तिने आधी हात साडीला पुसले आणि मग पूर्ण नाव लिहिलं, वेळ लागला. सरांनी पट मोजला. मग पुन्हा मोजला. मग रीनाचं नाव साकोलीच्या शाळेतून इकडे घेण्याची ऑनलाइन विनंती टाकली आणि मला त्यांच्या डब्यातला अर्धा अनरसा दिला.

पट २०.

वाचन: २० पैकी १२. साठ टक्के. ऑगस्टमध्ये अडुसष्ट होतं. तीन वाचणारी गेली, एक न वाचणारी आली. ती एक आमच्या घरची. बाकीच्यांत नवीन वाचायला कोणी लागलं का, हे बघायला हवं होतं, पण गृहभेटींमुळे वर्गाला वेळ देता आला नाही. गोल चार्ट भिंतीवरून काढला. मागे भिंत जास्त पांढरी आहे.

दादाला व्हॅनवाल्याने फोन करून कळवलं. त्याचा मला राइस मिलमधून फोन. मागे मशीनचा आवाज. म्हणाला, "फॉर्म तूनंच भरला होता. आता तूच काढून रायली. पुढच्या साली काय, पुन्हा भरशीन?"

मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मंग ठीक आहे, आणि फोन ठेवला.

मॅडमनी कागद सोडून डबा बाहेर काढला. रीनाला जमिनीवर बसवलं आणि चिंचोक्यांनी 'क' काढायला लावला. रीनाने विचारलं, हा कोणत्या चित्राचा? मॅडम म्हणाल्या, कोणत्याच नाई, नुसताच क आहे.

३० सप्टेंबर, संध्याकाळी ६

पहिल्या सत्राची कार्डं आजच द्यायची होती. सरांनी ती भरायचं काम माझ्याकडे दिलं. (स्केचपेन आणू नका म्हणाले.) छापील कार्डं होती. शेऱ्याला अर्धी ओळ.

रीनाच्या कार्डापाशी बराच वेळ बसले. तिच्या बाबतीत हा शेरा खरं तर थोडा जास्तच होतो. पण नवीन मूल आहे, चालतं.

बरी आहे. बरा आहे. बरी आहे. बरी आहे. वीस वेळा लिहिलं. वीसही कार्डं वाटून झाली. मी मुद्दाम शाळेच्या पायरीवर थांबले होते. सहा वाजेपर्यंत एकही पालक काही विचारायला आला नाही.